दादाच्या मागावर

८ ऑक्टोबर १९५६
अनंतदादाला घरी आणून वीस दिवस झाले. चांदनी स्टेशनात असिस्टंट मास्तर होता. एका दुपारी त्याने सिग्नल पाडलाच नाही. गाडी बाहेर तासभर उभी. साहेबाला म्हणाला, हात उचलवत नाही. मेडिकल रजा मिळाली. आता बोलत नाही, जेमतेम दोन घास खातो, भिंतीकडे बघत बसतो. आई आणि माझी बायको निर्मला त्याच्या मागेपुढे. माझी कुणाला पर्वा नाही. माझं स्पष्ट मत: ढोंग. प्रूफ मिळवणार.

९ ऑक्टोबर
दादा संध्याकाळी एकटाच राजघाटावर जातो! भिंतीकडे बघणाऱ्याचं तापीवर काय काम? नक्की कुणाला तरी भेटतो. उद्यापासून पाळत. निर्मलाला सांगितलं, रोज उशीर होईल, नव्या राज्याच्या कागदांमुळे कचेरीत काम वाढलंय. वाढलंयच. फक्त कागद नागपूरला पाठवायचे की भोपाळला, हे ठरेपर्यंत कुणी हात लावत नाही.

१० ऑक्टोबर
डिस्गाइज: चपराशी लोटूची काळी टोपी, काळा चष्मा. दादा घाटावर बसून तासभर नुसतं पाणी बघत होता. कुणी आलं नाही. संशय वाढला. इतका वेळ कोण पाणी बघतं? मी बघितलं, पण ड्यूटीवर.

१३ ऑक्टोबर
दादा तीनदा मागे वळला. मी सरुबाईच्या केळ्यांच्या गाडीआड. ती ओरडली, "ओ भाऊ, केळं घ्यायचं तर घ्या, नाही तर बाजू हटा!" मन साफ असेल तर माणूस मागे कशाला बघेल?

१७ ऑक्टोबर
आज दादा घाटावरून पळत सुटला. मीही मागे पळालो. त्याने घरात शिरून कडी लावली. मी अर्धा तास बाहेर. अभिनय उत्तम.

२० ऑक्टोबर
दादाने जेवण सोडलं. निर्मला म्हणाली, "भाऊजी म्हणतात, कुणी तरी मागावर आहे." मी म्हटलं, नवं नाटक. मागावर मी आहे हे खरं, पण ते त्याला कुठे ठाऊक? म्हणजे नाटकच.

२३ ऑक्टोबर
डॉक्टर आले. दादाने सांगितलं, काळ्या टोपीवाला माणूस रोज पाठलाग करतो, दारापर्यंत येतो. डॉक्टर म्हणाले, भास होऊ लागलेत, घरी ठेवण्यात अर्थ नाही, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात न्या. आई रडली. बोलावं का? डॉक्टरांचं निदान खोडणं बरं दिसत नाही. परवा सकाळची गाडी आहे. उद्या विचार करतो.

२४ ऑक्टोबर
विचार केला. काही सुचलं नाही.

२५ ऑक्टोबर
तांगा दाराशी. दादाने माझा हात धरला. "विनू, तू तरी खरं सांग. तो माणूस आहे का नाही?"
"आहे," म्हटलं. ट्रंकेतून टोपी काढून दाखवली.
वाटलं, मारेल. तो उंबऱ्यावर बसून रडला. "म्हणजे मला दिसत होतं ते खरं होतं."
तांगा परत गेला. डॉक्टर मला खूप बोलले. दादाचा आजार खरा आहे म्हणाले, पण इलाज घरीच होईल, महिने लागतील. आईने तोंड फिरवलं. निर्मलाने ताट वाढलं आणि आत निघून गेली.
संध्याकाळी दादाने चपला घातल्या. मी खाली बघत बसलो होतो.
"येतोस?" म्हणाला. "पण बाजूने चाल."