न वाकणारा खांब

३ मार्च
समोरच्या दाताचं रूट कॅनॉल पार पडलं. आता आत खांब, वर कॅप. खांब! आयुष्य गेलं लोकांची गेटं उभी करण्यात, आणि माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टरीणबाई मला खांब शिकवणार. म्हणाली, काका, फायबरचा घालू, तो दाताबरोबर थोडा वाकतो. वाकतो? वाकणारा खांब मी गिऱ्हाइकाला कधी दाखवलासुद्धा नाही. सिरॅमिकचाच घाला म्हटलं. म्हणे तो कडक असतो खरा, पण सगळा जोर मुळावर जातो, आणि तुमचं मूळ पातळ आहे.
घाबरवण्याचे धंदे.

५ मार्च
एका गिऱ्हाइकाशी वाजलं. जुनी पोकळ भिंत, त्यात त्याला जाडजूड लोखंडी खांब हवा. म्हटलं, दादा, खांबाला काही होणार नाही, भिंत उभी चिरेल. भिंत बघून खांब निवडावा. ऐकेना. गेला पलीकडच्या दुकानातल्या शटरवाल्याकडे. अडाण्यापुढे किती डोकं फोडायचं?

९ मार्च
सिरॅमिकचा खांब बसला, कॅपही. बायकोला म्हटलं, ओळख कुठला. लगेच ओळखला. एकटाच पांढरा आहे म्हणे.
डॉक्टरीणबाईने बजावलं, या दाताने काही तोडायचं नाही. पण माझे कान तिखट. निघताना ती मदतनीस बाईला हळूच म्हणाली, खांब काही मोडायचा नाही, काळजी आहे ती मुळाची. पहिलं वाक्य महत्त्वाचं.
निश्चय: दातांनी दोऱ्या, पट्ट्या तोडणं बंद. कायमचं.

१२ मार्च
रविवारी फॅब्रिकेटर संघटनेची निवडणूक. अध्यक्षपदाला मी आणि शटरवाला. भाषणावर सगळा खेळ, आणि बोलण्यात आपला हात कोण धरणार? आरशासमोर सराव केला. दात झकास दिसतो.

१४ मार्च, दुपार
शटरवाला तीन-चार मतदार घेऊन दुकानात. नेमकं बिजागऱ्यांचं पार्सल आलं, वर प्लॅस्टिकची पट्टी. कामगाराने कात्री पुढे केली. शटरवाला म्हणतो, द्या द्या, भाऊंना आता कात्रीच बरी.
माझ्या दुकानात!
पट्टी दातांत धरली, दिला हिसका. तुटली! मतदार खूश. कट् असा आवाज आला, तो पट्टीचाच.

१४ मार्च, संध्याकाळ
दात जरासा हलतो. नवा आहे, बसेल. बायको म्हणते, अहो, तो दात आहे की पक्कड? उत्तर दिलं नाही. रागाने नव्हे. तोंड उघडवत नव्हतं.

१५ मार्च, रविवार
मूळ उभं चिरलं. दात काढला. डॉक्टरीणबाईने तळहातावर ठेवून दाखवला: मुळाचे दोन तुकडे, मध्ये खांब. ताठ. ओरखडासुद्धा नाही. म्हणजे निवड माझीच बरोबर होती. 
तोंडात बोळा, म्हणून भाषण बायकोने वाचलं. शेवटचं वाक्य होतं, न वाकणारा माणूस निवडा. लोकांनी शटरवाला निवडला. लोकांना कणा नको असतो.

१६ मार्च
पोकळ भिंतवाला आला. भिंत वरपासून खालपर्यंत चिरली म्हणे, खांब मात्र जागच्या जागी. तुमचं ऐकायला हवं होतं, म्हणाला.
तोंड सुजलेलं, म्हणून नुसती मान डोलावली. समोरचा कळकळीने सांगतो, तरी ऐकायचं नाही! असल्या हट्टी माणसांचं करायचं तरी काय?