एका तासाचं दूध

मंगळवार, तारीख १४

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: अंथरुणावर घालायची रबरी चादर एक, पाठीच्या मलमाच्या नळ्या चार, लोकरी मोजे दोन जोड, चोचीचा पेला एक, खोकल्याच्या गोळ्यांची डबी एक (फुटलेली, पण गोळ्या शाबूत). टपालकचेरीत जकात म्हणून जे पैसे घेतले त्यात इथे नऊ लिटर दूध आलं असतं. मोजे पुन्हा पाठवू नकोस, ते इथल्या बाजारात दोन लिटरात मिळतात. पेला मात्र लाखमोलाचा निघाला. आई आता पाणी सांडत नाही. "म्हातारपणी मला चिमणी केलीत," म्हणून कुरकुरते तेवढंच.

हो, मी अजून सगळं दुधातच मोजते. हसू नकोस. तुझ्या तिकडच्या पैशांचं इकडे काय होतं ते आकड्यांनी माझ्या डोक्यात शिरत नाही. दूध कुठेही दूधच.

आमची खुशाली बरी आहे. तुझ्या भाऊजींचा दात काढला. माझी कंबर शिडी आल्यापासून ताळ्यावर आहे. तू शिडीला पाहिलेलं नाहीस. माझी कंबर धरली तेव्हा तू पाठवतेस त्या पैशातून आईसाठी ही बाई ठेवली, ते तुला कळवलंच होतं. दाराच्या चौकटीला डोकं टेकेल इतकी उंच, म्हणून आईने पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं. तिला राग नाही. "शिडी गं!" अशी हाक आली की "चढा आजी," म्हणते आणि आईला अलगद उचलून बसवते. आई माझ्या हातून तीन घास खाते, तिच्या हातून सगळी वाटी. मला वाईट वाटायला हवं, पण वाटी संपलेली बघून बरंच वाटतं.

आत्ता ती समोर मटार सोलत बसली आहे आणि लक्ष सगळं माझ्या पेनाकडे.

"ताई, आलं का माझं?"

"नाही अजून. आधी पार्सलचं लिहितेय."

"पार्सल तर तिनंच पाठवलंय ना? तिला ठाऊक असणार आत काय होतं ते."

आता हिला काय सांगायचं!

तर मागच्या पत्रात तू तिथल्या दुधाचा भाव लिहिलास, त्यावरून मी मॅट्रिकला शिकलेलं त्रैराशिक मांडून बघितलं. तू तिकडे कामाला आहेस त्या म्हातारीला एक तास सांभाळलंस की तिथलं आठ लिटर दूध येतं. तेच पैसे इकडे पाठवलेस की चाळीस लिटर. आणि शिडी आपल्या आईला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सांभाळते, तिचं होतं सहा लिटर. तीनदा ताळा केला, चूक सापडेना. तू भरवतेस, ही भरवते. तू कुशीवर वळवतेस, ही वळवते. तुझी म्हातारी चिमटे काढते म्हणतेस, तर आपलीही काही कमी नाही. मग फरक कुठे आहे गं? तिकडच्या म्हाताऱ्या जड असतात का?

शेजारचे बँकवाले काका निवृत्त झाल्यापासून कुंपणापाशी कोणीतरी काही विचारायची वाटच बघत असतात. त्यांना विचारलं.

म्हणाले, "अहो, सोपं आहे. तिथे डॉक्टर, मास्तर, टपालवाला, सगळेच भरपूर मिळवतात. मग म्हातारीपाशी बसणारीला कमी देऊन कसं चालेल? ती दुसरं काम धरेल."

"म्हणजे आपली किंमत शेजाऱ्यांच्या पगारावर ठरते?"

"असंच काहीसं समजा."

"मग काका, इतकी वर्षं तुमच्या शेजारी राहून माझं काय भलं झालं?"

काका हसले, काकू आतून जास्त जोरात हसल्या. पण उत्तर मला अर्धंच पटलं. त्यांचे डॉक्टर-मास्तर भरपूर मिळवतात ते का, असं विचारलं तर म्हणाले, कारखाने, रस्ते, शाळा, दोनशे वर्षांची गोष्ट आहे, उद्या या. उद्या गेले तर म्हणाले, आणि काही दुसऱ्यांकडून नेलेलंही असतं, ते जरा लांबचं आहे, परवा या. परवा त्यांना सर्दी झाली. तुझ्याकडे कोणी शहाणं माणूस असेल तर विचारून ठेव. मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे.

एवढं मात्र माझं मला दिसलं. माणूस इकडून तिकडे गेलं की त्याची किंमत वाढते आणि पैसा तिकडून इकडे आला की तो फुगतो. मधल्या मधे कोणाला तरी घर सोडावं लागतं.

"आलं का माझं?"

"येतंय. मटारात किडे बघ."

त्या दिवशी मी शिडीला सहज विचारलं, तू दिवसभर इथे, मग तुझ्या आईला कोण बघतं? तिची आई दोन तासांच्या बसवर गावात असते, डोळ्यांनी अधू आहे. म्हणाली, "शेजारीण डोकावते."

"तिला काय देतेस?"

"तिला काय द्यायचं? तिला तिची चार पोरं आहेत. वेळ मिळाला तर डोकावते, नाहीतर देव बघतो."

मी देवापुढे दिवा लावत होते, काडी हातातच विझली. तुझी म्हातारी तुझ्याकडे, तुझी आई शिडीकडे, शिडीची आई शेजारणीकडे, आणि शेजारीण नसेल तेव्हा देवाकडे. सगळ्यात शेवटचा देव, आणि तोच एकटा बिनपगारी. त्या दिवशी मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. लाज वाटली.

आता तुझ्या मागच्या पत्राचं. आईला ऐकू येत नाही म्हणून तुझी पत्रं मी ओरडून वाचते, हे तुला माहीत आहे. वाचताना पुढची ओळ आधी बघायची सवय मला नाही. "आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला सांभाळायला बाई हवी आहे, खात्रीची कोणी असेल तर कळव, प्रवासभाड्याचं तेच देतील," ही ओळ मी इतक्या मोठ्याने वाचली की काकांनीही ऐकली असेल. आईला एवढंच कळलं की कोणीतरी म्हातारा आहे. शिडी मात्र वाटी हातात धरून उभीच राहिली.

संध्याकाळी निघताना म्हणाली, "ताई, माझं लिहाल?"

मी म्हटलं, "बघू." त्याला आता तीन आठवडे झाले.

तुझे भाऊजी म्हणतात, "लिहिलं म्हणून सांग आणि लिहू नकोस. तिला कुठे वाचता येतंय? तुझी कंबर पुन्हा धरली तर मी उचलू का सासूबाईंना, या दाताने?" ते दुष्ट नाहीत. माझ्याच मनात होतं ते त्यांनी बोलून दाखवलं इतकंच. मीही ते रोज वेगवेगळ्या तऱ्हेने स्वतःला सांगत होते. तिला तिकडची भाषा येत नाही, तिला थंडी सोसणार नाही, म्हातारा कसा असेल कोण जाणे. तू गेलीस तेव्हा तुझ्या बाबतीत हेच सगळं होतं आणि तेव्हा मी तुझी पेटी भरून दिली.

परवा तिला विचारलं, "इतके पैसे मिळवून करशील काय?"

म्हणाली, "आईला पक्की खोली बांधीन. आणि तिच्यासाठी एक बाई ठेवीन. बुटकी ठेवीन, आमची खोली ठेंगणी आहे."

मी हसले आणि मग हसू ओसरल्यावर मनात आलं. तिला जे हवंय ते आपण केलंच आहे की. आपल्या आईला चोचीचा पेला आहे, रबरी चादर आहे, शिडी आहे. तिच्या आईला दुपारी पाणी द्यायलाही माणूस नाही.

म्हणून हे लिहिते. शिडी खात्रीची आहे. चोरीमारी नाही, आळस नाही, म्हाताऱ्या माणसाला दुखू न देता वळवणं मी तिच्याकडून शिकले. तुझ्या शेजारच्यांना माझं नाव सांगून सांग. आणि त्यांना नीट विचार: तिला झोपायला वेगळी जागा देतील ना, आठवड्याला सुट्टी कोणती, तिचे कागदपत्र तिच्याच पेटीत राहतील ना, आणि भाड्यापोटी दिलेलं पगारातून कापणार आहेत का. हे तुला कोणी विचारलं नव्हतं. तू काही लिहिलं नाहीस, पण पहिल्या वर्षाची तुझी पत्रं फार आखूड असायची, ते माझ्या लक्षात आहे.

ती गेली की आईचं काय करायचं ते मला माहीत नाही. दुसरी बाई मिळेल, तीही कुठून तरी कोणाला तरी सोडूनच येईल. त्याचा विचार आज करत नाही.

"आलं, ताई?"

"आलं."

"काय लिहिलंत?"

वाचून दाखवलं. "आळस नाही" इथे ती म्हणाली, "थोडा आहे, पण राहू द्या." मग मटाराची टरफलं गोळा करून आईकडे गेली. आई तिला विचारतेय की मी इतका वेळ काय लिहिते आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

हो असो की नाही असो, उत्तर उलट टपालाने पाठव. मला विचार करायला फार दिवस देऊ नकोस.

तुझी,
ताई