स्वेच्छेचा कागद

झूटरमेर,
१८ ऑक्टोबर २०२०

प्रिय दत्तादादा,

काल हुक फान हॉलंडच्या धक्क्यावर उभं राहून तुझं जहाज आत येताना पाहिलं. लाल टोपीवाला तूच ना, असं तू फोनवर विचारलंस आणि मी हो म्हणालो. खरं तर माझी टोपी निळी होती, आणि तुमच्या डेकवर मला माणूस असा एकही दिसला नाही. घरी येऊन आपल्या जहाज कंपनीच्या स्क्रीनवर बघत बसलो, काय काय उतरतंय ते. बागेतल्या खुर्च्या, सायकलींचे सुटे भाग, पोरांनी उड्या मारायच्या जाळ्या. खुर्च्यांना या देशात यायला पूर्ण मुभा. त्या आणणाऱ्या बोसनने, तुझ्यासारख्या खलाशांच्या मुकादमाने, मात्र शिडीवरून पाय खाली टाकायचा नाही, कारण कोरोना. खुर्च्यांना तो होत नसावा.

आमचा साहेब रूलोफ सध्या घरूनच मीटिंगा घेतो. त्याच्या पाठीमागे भिंतीवर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचं भलंमोठं चित्र आहे. शिडं फुगलेली, झेंडे फडफडतायत, डेकवर मात्र चिटपाखरू नाही. आम्ही जगाचा शोध लावणारी माणसं, असं तो महिन्यातून दोनदा तरी ऐकवतो. जणू काही जग गादीखाली हरवलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी वेंगुर्ल्याचा म्हटल्यावर त्याने लगेच नकाशा उघडला आणि आनंदाने ओरडला, की तिथे तर आमची वखार होती, म्हणजे आपण जुने भागीदार. मी हसलो, दादा. त्या वखारीच्या भिंतींमध्ये आपण चेंडू शोधत फिरायचो. तिथे आपला कोणी पूर्वज गेलाच असेल तर पाठीवर मिरीचं पोतं घेऊन गेला असेल. पण इथे राहायचं परमिट नवं होतं आणि पगार चांगला होता, म्हणून मी भागीदारासारखा हसलो. पुढे त्याच भागीदारीच्या जोरावर तुलाही या कंपनीत चिकटवलं.

लॉकडाऊनमध्ये तुझी भावजय संहिता ब्रेड भाजायला शिकली आणि मी या जुन्या कंपनीबद्दल वाचत सुटलो. काय थोर मंडळी होती. खलाशाशी तीन-तीन वर्षांचा करार करायची आणि जाण्यायेण्याचे महिने त्यात धरायचीच नाहीत. मिरीला ओल लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा, माणूस वाटेत मेला तर शिवलेल्या कापडातून समुद्रात. बंदरात काही दलाल असायचे. ते परक्या, भुकेल्या पोरांना जेवूखाऊ घालायचे, गोड बोलायचे आणि जहाजावर चढवून द्यायचे. डच लोक त्यांना आत्मे विकणारे म्हणायचे. व्यापाऱ्यांचे पुतळे झाले, दलालांना शिवी मिळाली. मला या दलालांची मनापासून किळस आली. संहिताला ते पान वाचूनही दाखवलं, आणि अर्ध्यावरच पुस्तक मिटलं.

कारण तुझा करार मे महिन्यात संपला तेव्हा तुझ्यासारखे साडेतीनशे जण समुद्रावर होते. त्यांना उतरवायचं तर जहाजं वाकडी वळवावी लागणार, विमानं शोधावी लागणार. त्यापेक्षा सोपी युक्ती निघाली. प्रत्येकाने लिहून द्यायचं, की मी स्वेच्छेने राहतोय. इंग्रजी मसुद्यावर लोक सही करेनात. रूलोफ म्हणाला, त्यांच्या भाषेत, जरा आपुलकीने कोणी लिहील का. मी लिहिलं, दादा. हिंदीत आणि मराठीत. घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी, या कठीण काळात, आपल्या मोठ्या कुटुंबाचा एक घटक म्हणून, असं सगळं मीच लिहिलं. एका दुपारचं काम. रूलोफने शाबासकीचा अंगठा वर केला. जूनमध्ये तू फोनवर म्हणालास, कागद चक्क मराठीत आला रे, ऑफिसात आपलं कोणीतरी माणूस आहे, म्हणून बिनधास्त सही केली. मी विषय बदलून जेवणाचं विचारलं. रूलोफचा मला तिटकारा आहेच, पण तो निदान जे मानतो तेच बोलतो. मी त्याच्यावर हसायचो आणि त्याचंच काम त्याच्याहून सफाईने करायचो.

आता तुला जहाजावर चौदा महिने झाले. उजवा हात बधिर होतो, गेल्या आठवड्यात दोर सुटला आणि थोडक्यात वाचलो, हेही तू हसतच सांगितलंस. जहाज मंगळवारी सुटून थेट शांघायला जाणार आहे, भारताला न शिवता, आणि यादीत फेब्रुवारीपर्यंत तुझं नाव आहे. इथून मुंबईला विमानं सुरू झाली आहेत. तुला उतरवता येत नाही असं नाही, उतरवायचं नाहीये.

हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली, पण तुझा आवाज ऐकला की पुन्हा जेवणाचंच विचारतो. म्हणून खलाशांसाठीच्या सीमेन्स क्लबच्या एक बाई जहाजांवर सामान पोचवतात, त्यांच्या पिशवीत सोलं आणि चकल्यांखाली हे पत्र ठेवतोय. शुक्रवारी मी बंदराच्या इन्स्पेक्टरांना सगळं कळवलं आहे, स्वतःच्या नावानिशी. उद्या सकाळी ते जहाजावर चढतील. माझी नोकरी जाईल, परमिटही बहुधा जाईल. संहिताला सांगितलं आहे. कॅप्टन तुझ्यापुढे तो मराठी कागद ठेवेल आणि इन्स्पेक्टर विचारतील, राहायची इच्छा तुझी होती का. कागद धाकट्या भावाने लिहिलाय हे आता तुला ठाऊक आहे, आणि मला सांभाळायला तू हो म्हणशील, ही एकच भीती मला आहे. आजवर माझ्यासाठी तू कोणाला नाही म्हणाला नाहीस. उद्या म्हण.

तुझाच,
प्रसन्न