बांगड्या वाढल्या

सोम. १६ जून
शाळा सुरू. परिपत्रक आलं. कायदा झालाच होता, आता प्रत्येक शाळेत पाचवी ते दहावी 'त्यांचं' चरित्र आणि लेखन शिकवणं सक्तीचं. आठवड्याला दोन तास. वेळापत्रकात जागा नाही म्हणून चौकोनात नुसतं 'च. ले.' लिहिलंय. मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी त्याचं 'चले' केलं. "कुठला तास आहे रे?" "चले."
स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कपाळाला हात लावला. आणखी एक विषय, आणखी पेपर. मीही लावला. आतून मात्र... इतकी वर्षं ऑफ तासाला मी त्यांच्या तुरुंगातल्या आठवणी वाचून दाखवतेय, कोणी सांगितलं नसताना. पोरं जांभया देतात, मी वाचते. सगळे खंड घरात आहेत, ब्राऊन कव्हर घालून. आमच्याकडे 'हे' म्हणजे सुहास आणि 'ते' म्हणजे ते. ठरलेलंच आहे.
विषयाचा चार्ज कोणाला ते मोठ्या बाई उद्या सांगणार. मोरपिशी साडी इस्त्री करून ठेवली.

मंगळ. १७ जून
केतकीला.
इतिहास आणि कॉम्प्युटर शिकवते ती. जोगेश्वरीहून येते, शाळेत तिसरंच वर्ष. मोठ्या बाई म्हणाल्या, "वंदनाताई, तुमच्यावर दहावीचं मराठी आहे. आणि आता हे पीपीटी, व्हिडिओ असं करायचंय ना." म्हणजे मला ते जमणार नाही. बरं.
केतकी लगेच आली. "ताई, मला तुम्ही लागाल हं. मी यांचं काहीच वाचलेलं नाहीये. तुमच्याकडे सगळे खंड आहेत ना?"
"बघते," म्हटलं. "बरेच दिवस काढले नाहीत."
कालच काढले होते.

शनि. २१ जून
सुहास म्हणतो, "तुझे 'ते' आता सरकारी झाले गं. सगळीकडे बदली झाली त्यांची."
त्याला हसू आलं, मला नाही. भेंडी करपली. एवढा मोठा माणूस कोणा एकाचा नसतो, कळतं मला, मी काही वेडी नाही. पण ज्यांनी त्यांचं एक पान उलटलं नाही त्यांच्या हातात... असो. खंड दिले नाहीत. तिने लायब्ररीतला पहिला नेला, तोही उसवलेला.

शुक्र. ४ जुलै
आज बदली तासाला आठवी ब च्या शेजारच्या वर्गावर होते. मधलं पार्टिशन लाकडी, सगळं ऐकू येतं. पलीकडे केतकी तुरुंगातल्या भेटीचा उतारा शिकवत होती. घराची झडती होऊन गेलीय, त्यानंतर बायको पहिल्यांदा भेटायला आलीय. ते लिहितात की तिच्या बांगड्या वाढल्या होत्या आणि हात पदराखाली होता.
केतकी म्हणाली, "बघा, नवरा तुरुंगात, तरी घर खचलं नाही. उलट बांगड्या वाढल्या. म्हणजे काय? भरभराट."
मी खडू खाली ठेवला.
बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. आई अजून तसंच म्हणते. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. झडतीच्या धक्काबुक्कीत त्या बाईच्या बांगड्या फुटल्या. नव्या भरायची ऐपत नाही, नवऱ्याला रिकामा हात दिसू नये म्हणून पदराखाली घेतला. एवढीशी ओळ, आणि ती वाचताना माझा आवाज दरवेळी जातो.
आणि ही म्हणते भरभराट.
शेजारीच दार होतं. गेले नाही. आनंद झाला. लिहायचंच तर भरपूर झाला.

शुक्र. ११ जुलै
आठवी ब ने रंगीत कागदाच्या बांगड्या करून जिन्यात लावल्यात. एकेकीवर त्यांचा एकेक गुण. मोठ्या बाई येता-जाता थांबून बघतात. पंचवीसला केतकीचा आदर्श पाठ, खात्याचे साहेब येणार. मराठीचे आहेत, जुन्या वळणाचे म्हणे. मनात म्हटलं, झकास. लागू दे वाट तिथेच.
पण एक गोष्ट सहन होत नाही. पोरं लायब्ररीत जाऊन "पुढचा खंड आहे का?" विचारतात. मला कधी कोणी विचारलं नाही. एकानेही नाही. मी बरोबर वाचत होते, ती चुकीचं शिकवतेय, तरी पोरं तिच्याकडे. जळते मी तिच्यावर. दुसरा शब्द नाही.

मंगळ. २२ जुलै
शाळा सुटल्यावर केतकी शेजारी येऊन बसली. डबा पुढे केला, थालीपीठं होती.
"ताई, एक अडतंय. बांगड्या वाढल्या तर तिने हात पदराखाली का घेतला? उलट दाखवेल ना ती?"
हुशार आहे पोरगी. मला एवढ्या वर्षांत एकाही वर्गाने हा प्रश्न विचारला नाही. उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.
"लाजली असेल," मी म्हटलं. "जुन्या बायका त्या. नवरा तुरुंगात आणि आपण नटलोय..."
"हां, बरोबर. तुम्हाला विचारलं ते बरं झालं यार." मग जीभ चावली. "सॉरी, ताई."
थालीपीठ चांगलं होतं. दोन खाल्ली.

शुक्र. २५ जुलै
पाठ झाला. मी साहेबांच्या तोंडाकडेच बघत बसले होते, आता हटकतील, मग हटकतील. ते मान डोलावत होते. शेवटी उठून म्हणाले, "पदराखालच्या हाताचा हा अर्थ मला नवीन आहे. सौभाग्यवतीची लज्जा. वा." हा पाठ शिक्षकांच्या पुस्तिकेत घेणार, सगळ्या शाळांसाठी.
केतकी माइक घेऊन उभी राहिली. "सर, हा अर्थ माझा नाहीये. आमच्या वंदनाताईंचा आहे. त्यांना यांचं सगळं पाठ आहे."
सगळे माझ्याकडे वळले. टाळ्या. मोठ्या बाईंनी पाठीवर हात ठेवला. मी उठून नमस्कार केला.
बरं वाटलं मला. जिना उतरेपर्यंत बरं वाटत होतं.

शनि. २६ जुलै
केतकीचा मेसेज. पुस्तिकेची फाईल सोमवारी सकाळी जाणार. उताऱ्याखाली अर्थ, अर्थाखाली माझं नाव. 'कसं लिहू ताई?'
त्यांच्या ओळीखाली माझं नाव. ते छापून येणार, बोरीवलीपासून पार गडचिरोलीपर्यंत. यासाठी मी काय दिलं नसतं.
केतकीला पाडायला गेले आणि त्या बाईला नटवून बसवली. उपाशी राहून भेटीला आली असेल. आता पोरं पेपरात लिहिणार, ती नटली होती म्हणून लाजली. पाच मार्क.
सुहास बाभईच्या बाजारात गेला होता. गॅलरीचं दार लावून घेतलं आणि केतकीला फोन लावला. सांगून टाकायचं असं ठरवूनच लावला. मागे कुकरची शिट्टी होत होती, तिची आई तिला काहीतरी विचारत होती.
"बोला ना, ताई."
मी म्हटलं, "सौ. लावू नकोस. नुसतं वंदना परब लिही."
"एवढंच ना? लिहिते."
उद्या रविवार आहे.