वाघ वाट सोडतो

तीर्थरूप नानांना मंजूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. मेसच्या भाकऱ्या जाड असतात, पण पोट भरतं. आई फोन स्पीकरवर लावते, म्हणून हे लिहून पाठवते. तिला वाचून दाखवू नका.

उसातल्या वाटेनं जाताना तुम्ही सांगायचात, "बोलत चाल पोरी, मानसाचा आवाज आला की वाघ वाट सोडतो." ती सवय अंगात भिनली आहे. इथं कंपनीची बस चौकात सोडते. तिथून खोलीपर्यंत नुसते मोकळे प्लॉट, एक दिवा नाही. मी रोज मोठ्यानं आरती म्हणत जायचे.

परवा दम घ्यायला मध्येच थांबले, तर पुढची ओळ मागून कुणीतरी म्हटली. पुरुषाचा आवाज होता. मी पळतच खोली गाठली. काल तो आधीच प्लॉटपाशी उभा होता आणि तीच आरती गुणगुणत होता.

आज खोलीतली सुवर्णा चौकात घ्यायला आली. आम्ही दोघी तोंडातून शब्द न काढता चाललो.

कांद्याला अजून रात्रीचीच लाइट आहे का? पाणी भरायला जाताना बोलत जा. तिथला वाघ ऐकतो तरी.

सोमवारी सुवर्णा गावी जाणार आहे. आईला बाजाराचं निमित्त सांगून संध्याकाळी चौकात याल का? लांबूनच "मंजे" अशी हाक मारा. अंधारात नुसतं खाकरू नका.

तुमची,
मंजू