सपाट चमचा

रविवार संध्याकाळ, चिंचवड

घरची बिअर बाटल्यांत भरताना मी सदाभाऊला दोनदा बजावलं होतं, फेसासाठी प्रत्येक बाटलीत एकच सपाट चमचा साखर घालायची. आज बघतो तर मी भरलेल्या बाटल्या ठीक, त्याच्या दोन फुटलेल्या आणि तिसरी उघडताच छतापर्यंत उडाली. विचारलं तर म्हणतो, "राव, त्या पाहुण्यांच्या बाटल्या. साखर घालताना हात आखडता घ्यायचा का?"

म्हणजे सपाट चमचा हा कंजूषपणा? हाच माणूस आमच्या कंपनीत इन्स्पेक्टर आहे. मापात केसाएवढा फरक दिसला की मी लेथवर कातलेल्या जॉबवर हा लाल खडूने फुली मारून तो नापास करतो. तेव्हा कुठे जातो याचा सैल हात?

त्याच्या उरलेल्या बाटल्यांवर मी त्याच्यासमोरच फुल्या मारल्या. खडू त्याच्याच खिशातला.