सासूबाईंच्या आवाजावर चालणारी गाडी

तीर्थरूप सासूबाईंच्या चरणी, चाकांवर राहणाऱ्या जावयाचा दंडवत. (दंडवतच, कारण गाडीचं छत इतकं ठेंगणं आहे की उभ्याने नमस्कार केला तर कपाळाला टेंगूळ येतं. आडवं पडूनच काय तो आदर दाखवता येतो.) तुमचे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाचं विचारत नाही. आमच्या गाडीची बातमी कानी पडेपर्यंत तो उत्तम होता, हे तुम्ही सगळ्या नातेवाइकांना कळवलंच आहे. इकडे सगळे खुशाल. तुमची लेक हसते, नात जेवते, आणि ‘चार दिवस पाहणी करून या’ म्हणून तुम्ही पाठवलेले बाबा अजून पाहणीच करताहेत.

पत्राचं कारण आभार. दचकू नका, टोमणा नाही.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, ‘‘घर ते घर, गाडी ती गाडी. माणसाने एकात राहावं आणि दुसरीतून उतरावं.’’ मी मनातल्या मनात हसलो होतो, कारण आमची गाडी साधीसुधी नव्हे. जुनी बस घेऊन, बाकड्यांना रजा देऊन, छतावर सौरपट्ट्या, पलंगांखाली बॅटऱ्या आणि आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा नळाला आणणारं यंत्र बसवायला मला आणि माझ्या मित्राला दोन वर्षं लागली. (मित्र वीजदुरुस्ती करतो आणि सध्या आमच्यासोबतच फिरतो. त्याला सगळे फ्यूज म्हणतात, कारण कुठेही काही बिघडलं की पहिला तोच उडतो.) वाया काहीच जात नाही, संडासातलंसुद्धा, पण त्याबद्दल सविस्तर लिहीत नाही, तुमच्याकडे टपाल जेवणाच्या वेळी येतं.

तुमच्या लेकीची अट एकच होती. पहिला महिना कुणाच्या सॉकेटला वायर आणि कुणाच्या नळाला नळी न लावता निघाला, तर घर भाड्याने देऊन आपण कायमचे फिरस्ते. एकदा जरी लावावी लागली, तर गाडी भंगारात आणि मी पुन्हा ऑफिसात. (लेक शब्दाची पक्की. हा गुण कुणाचा, असं विचारलं की बाबा खिडकीबाहेर बघतात.)

आता या गाडीला मेंदू आहे. उधळपट्टी दिसली की तो बोलतो. फ्यूजने त्याला दुकानातला तयार आवाज दिला होता: ‘कृपया पाण्याचा वापर मर्यादित ठेवावा, ही नम्र विनंती.’ मला सांगा, आपल्या घरात नम्र विनंतीला कधी कुणी हिंग लावून विचारलंय? मी लग्नापासून करतो आहे. ती बाई कृपया-कृपया करत राहिली, नात न्हाणीत गात राहिली, बाबा दिवा लावून त्याच्याखाली गाढ झोपत राहिले, आणि मी या सर्वांना काटकसरीचं तत्त्वज्ञान सांगता सांगता विजेच्या शेगडीवर चहावर चहा उकळत राहिलो. त्यात आभाळ भरून आलं. दुसऱ्याच आठवड्यात बॅटरीचा काटा तळाला आणि टाकीत खडखडाट. समोर पेट्रोल पंप, त्याच्या भिंतीला सॉकेट. तुमच्या लेकीने वायरचं वेटोळं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. ‘‘लाव,’’ म्हणाली, ‘‘आणि मग भंगारवाल्याचा नंबर शोध.’’

वायर घेऊन मी उठतो आहे, तेवढ्यात फोनवर तुमचा निरोप आला. नेहमीसारखाच, बोललेला आणि लांबलचक. लेकीने मोठ्याने लावला. ‘‘अगं, फोटो बघितला तुमचा. भर दुपारी दिवे कसले जळतायत? आणि तो मागचा नळ कोण बंद करणार, मी येऊ?’’

काय सांगू, आई! बाबा झोपेतून उठले आणि डोळे न उघडता त्यांनी दिवा मालवला. नातीने केसांना साबण असताना उरलंसुरलं पाणी गळत असलेला नळ आवळला. मी शेगडी बंद केली आणि चपला काढून नीट ओळीत लावल्या. (चपलांचं कुणी बोललं नव्हतं. सवय.) फ्यूज आ वासून बघत होता. ‘‘सापडला,’’ म्हणाला, ‘‘एवढाच सुटा भाग कमी होता.’’

लेकीने दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. आम्ही अंधारात बसून कोरडी बिस्किटं खाल्ली. तिच्या फोनमध्ये तुमचे कित्येक वर्षांचे निरोप आहेत. त्यांतली वाक्यं कापून फ्यूजने गाडीच्या मेंदूला जोडली. (तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही कडाडून नाही म्हणाला असता, आणि तेही त्याने जोडलं असतं.) सकाळी ऊन पडलं, पट्ट्या जाग्या झाल्या, पाणी गाळलं जाऊ लागलं, आणि तेव्हापासून एक थेंब सांडायची कुणाची टाप नाही. पाणी जास्त वाहिलं की, ‘‘नळ आहे तो, धबधबा नाही!’’ गाडी पळवली की, ‘‘कुणाला लुटून पळताय?’’ चाकात हवा कमी, पट्ट्यांवर धूळ, बॅटरी गरम, या सगळ्यांना मिळून एकच वाक्य पुरलं: ‘‘मी सांगितलं होतं.’’

काल महिना संपला. वायर वेटोळ्यातच आहे. तुमची लेक रस्त्याकडे बघत म्हणाली, ‘‘राहू या.’’ आई, वीज माझ्या पट्ट्यांनी केली, पण टिकवली तुम्ही. ज्या गाडीचं तोंड बघणार नाही म्हणालात, ती तुमच्या तोंडावर चालते आहे. तुम्हाला याचं वाईट वाटणार, हे माहीत असूनही मनापासून आभार मानतो.

तुमचा (आता दिवसभर) आज्ञाधारक,
जावई

ता. क. – महिना पार पडल्यावर गाडीने शाबासकी द्यावी, असा फ्यूजचा बेत होता. त्यासाठी सगळे निरोप पालथे घातले. शाबासकी सापडली नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे ‘‘बरं, ठीक आहे’’, आणि तेही तुम्ही निरोप बोलता बोलता मध्येच दूधवाल्याला म्हणताय. तेव्हा कृपा करून एक वाक्य पाठवा. मनापासून नसलं तरी चालेल. गाडीला कळत नाही.

आणखी एक ता. क. – खरं सांगायचं तर वीज पुन्हा कमी पडू लागली आहे. बाबा सारखा फ्रीज उघडतात. काढत काहीच नाहीत, नुसते उभे राहतात. तुम्ही ओरडता, ‘‘दार लावा, गारवा काय फुकट येतो?’’ मग ते ‘‘हो गं, लावतो, लावतो’’ म्हणून दार लावतात, जरा वेळ खूश बसतात, आणि पुन्हा उघडतात. या गळतीवर फ्यूजकडे उपाय नाही. खिडकीजवळचा खालचा पलंग रिकामा ठेवला आहे. तुम्ही आलात की यंत्रातला आवाज बंद करू; तेवढीच वीज वाचेल.